पडलेला माड वाडीत ठेवू नका

रोहिणी लागायला आठ-दहा दिवस राहिलेत. वादळ येणार की नाही ते हवामान खातं सांगेल. माझं सांगणं त्यांना आहे ज्यांच्या नारळ-पोफळीच्या वाडीत मागच्या वादळातली माडाची खोडं अजून पडून आहेत. आणि त्यांनाही, जे पुढच्या वादळानंतर तीच चूक करणार आहेत. पहिला दमदार पाऊस झाला की त्या खोडांतून माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा बाहेर निघतो. म्हणून हे काम पावसाआधी. बाकीची कामं मागे पडली तरी चालतील.

आपल्या कोकणात वादळाचे दोन मोसम. एक पावसाच्या तोंडावर, दुसरा पाऊस सरल्यावर. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, निसर्ग ३ जून २०२० ला. त्याला वर्ष पुरं व्हायच्या आत मे २०२१ च्या मध्याला तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर गुजरातेत गेलं आणि जाता जाता काढणीचा हापूस जमिनीवर पाडून गेलं.

निसर्गनंतर चौथ्या दिवशी मी दिवेआगरच्या बाजूला गेलो होतो. वारा ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा होऊन गेलेला. रस्त्यावरून जिथे कधी समुद्र दिसत नसे, तिथून तो दिसत होता. पोफळी एकाच दिशेला आडव्या, दाताळं फिरवल्यासारख्या. माड काही मुळासकट उपटलेले, काही मधोमध मोडलेले, काही उभेच पण शेंडा नसलेले. जी झाडं वाचली त्यांची समुद्राच्या अंगाची पानं खाऱ्या तुषारांनी करपून तांबूस झालेली आणि डोंगराच्या अंगाची हिरवीगार. विहिरींत झावळ्या, पत्रे, पाला. आपली वाडी म्हणजे तीन थरांची सावली: वर माड, मध्ये पोफळ, खाली जायफळ, केळ, मिरी. वरचा थर कोसळला की खालच्यांना एका दिवसात वेगळ्याच मुलखात नेऊन लावल्यासारखं होतं. जमीन तापते, ओल उडते, आणि जिथे कधी गवताची काडी उगवली नव्हती तिथे रान माजतं.

हे नुकसान सगळ्यांना दिसलं, त्याचे फोटो निघाले. दुसरं नुकसान दिसायला दीड-दोन वर्षं गेली.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराची पंधरा गुंठ्यांची वाडी. त्याचे अठरा माड पडले, अकरा वाचले. मी म्हटलं, "दादा, खोडं फोडून बाहेर काढा." तो म्हणाला, "पंचनामा होऊ दे आधी. माणूस आला नि झाड दिसलं नाही तर?" त्याचंही खोटं नव्हतं. पंचनामा होईपर्यंत पाऊस लागला. पावसात कटरवाला मिळेना, मिळाला तो परवडेना. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली होती खरी, पण हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, गुंठ्याला आले पाचशे. पंधरा गुंठ्यांचे साडेसात हजार. एवढ्यात अठरा खोडं कापून, ओढून, फोडून होतात का? मग गणपती आले, मग वेलींनी खोडं झाकली, मग कुणाला आठवणही राहिली नाही. २०२२ च्या पावसाळ्यात वाचलेल्या अकरातले चार माड भुंग्याने गेले.

त्यातलं एक पडकं खोड आम्ही दोघांनी कुदळीने उकललं. वरून साल धडधाकट, आत तपकिरीसारखा भुगा. त्या भुग्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, विळ्यासारख्या मुडपलेल्या अळ्या. हातभर खोडात ओंजळ भरली. कोंबड्यांपुढे टाकल्या तर तुटून पडल्या. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे मीच पाळले की हे."

तेव्हापासून मी कुठल्याही वाडीत गेलो की आधी वर शेंडा बघत नाही, खाली खोड शोधतो.

गेंड्या भुंग्याची मादी जिवंत माडात अंडी घालत नाही. तिला कुजकं खोड, शेणखताची गायरी, पाल्याचा जुना ढीग, भुशाचा ढिगारा लागतो. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण पाच-सहा महिने. अळी माडाला हात लावत नाही. भुंगा मात्र रात्री उडून शेंड्यात शिरतो आणि न उघडलेला कोंब पोखरतो. कोंब उघडला की झावळी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. ती बघून लोक दुकानात धावतात. पण तो घाव काही महिन्यांपूर्वीचा असतो आणि घाव घालणारा केव्हाच दुसऱ्या माडावर गेलेला असतो.

त्याच्या मागोमाग सोंड्या भुंगा येतो, आणि माड बहुतेक वेळा त्यानेच मरतो. हा जिवंत झाडात अंडी घालतो, पण त्याला जखम लागते. गेंड्याने केलेलं भोक, कोयत्याचा घाव, वाऱ्याने चिरलेला बुंधा, काहीही चालतं. वादळानंतर जखमा तर जागोजाग असतात. खोडातून तांबूस चिकट रस ओघळला, भोकातून चावलेले तंतू बाहेर आले, तर खोडाला कान लावा. आत कुरतडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

आता करायचं काय.

पंचनाम्यासाठी खोड अडवून ठेवू नका. बुंधा जागेवर राहू द्या, त्यावर ऑइल पेंटने नंबर घाला, फोनवर तारखेसह फोटो काढा, सगळी झाडं मोजून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नंबर घातलेले बुंधे बघून पंचनामा झालेला मी स्वतः पाहिलाय. पंचनामा उरकला की बुंधाही खणून काढा. खणता येत नसेल तर कुऱ्हाडीने वरून कोरून, सुकवून आत जाळ घाला.

खोड नुसतं तुकडे करून कुंपणाला लावून ठेवणं म्हणजे काढणं नव्हे. गोल तुकडा आतून ओला राहतो आणि पावसात भुंग्याला तोच आवडतो. पाचर मारून उभं चिरा, चार फाका करा, उन्हात टाका. सुकलेलं लाकूड त्याच्या कामाचं नाही. बाहेरचा कठीण भाग वासे, रिपा, गुरांच्या गोठ्याचे खांब, ओढ्यावरचा साकव यांना चालतो. आतला मऊ गाभा मात्र जाळाच. पोफळीची खोडंही उभी चिरा, पन्हळ करा, मांडवाला वापरा, पण ढीग लावू नका.

वादळ जूनमध्येच आलं आणि सुकवायला ऊनच नाही, तर निदान चिरून दगडांवर उचलून ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. दिवाळीनंतर लगेच जाळा. त्याच्या पलीकडे थांबलात तर पुढच्या पावसाळ्यातली पिढी तयार झाली म्हणून समजा.

शेंडा गेलेला उभा माड पुन्हा फुटत नाही. माडाला कोंब एकच असतो. "बघू, येईल पालवी" म्हणून दोन-दोन वर्षं ठेवलेले माड मी पाहिलेत. ते वरून खाली सडत येतात. तोडा. कलंडलेल्या माडाचं वेगळं. चार-पाच वर्षांच्या आतला असेल तर सावकाश उभा करून टेकू द्या, बुंध्याशी मातीची भर घाला. मोठा असेल आणि मुळं निम्म्याहून अधिक जमिनीत असतील तर ओढून सरळ करायला जाऊ नका, उरलेली मुळंही तुटतील. आहे तसा राहू द्या, उघड्या मुळांवर माती चढवा. वाकडा माडही नारळ देतो.

ज्यांच्या वाडीत खोडं नाहीत त्यांनी शेजाऱ्याची बघा. भुंग्याला दगडी कुंपणाचा गडगा अडवत नाही. मुंबईत राहणाऱ्या भावकीची बंद वाडी हा आपल्याकडचा मोठा रोग आहे, तिथली खोडं काढायला कुणी येत नाही. फोन करून परवानगी घ्या आणि चार घरांनी मिळून कटरवाला बोलवा, रोजाला स्वस्त पडतो. २०१३ साली हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये तीन कोटींवर माडांची नासधूस केली, तेव्हा तिथे खोडं कापायच्या यंत्रांसाठी धावपळ झाली ती याच भुंग्याच्या धास्तीने. आपल्याकडे धावपळ झाली ती टॉनिकची.

टॉनिकचं सांगतो. निसर्गनंतर आमच्या भागात एक दुकानदार "वादळ किट" विकत होता. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क आणि एक रंगीत बाटली. मुळं तुटलेल्या झाडाला त्याने काय होणार? सहा महिने पाणी, आळ्यात पाला आणि कुजलेलं शेणखत, एवढंच त्याला पचतं. रासायनिक खताची पूर्ण मात्रा, म्हणजे मोठ्या माडाला वर्षाला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, १ किलो पालाश, ही नवा कोंब सरळ आल्यावर आणि हप्त्यांनी. शेंड्यात टाकायला फोरेट या कीटकनाशकाचे दाणे कुणी देत असेल तर घेऊ नका. २०२० अखेरपासून त्यावर बंदी आहे, आणि त्याच माडाचं शहाळं आपलीच पोरं पितात.

शेंड्याची राखण (वाचलेल्या प्रत्येक माडाला):
- भोकात तारेचा हूक घालून भुंगा ओढून काढा.
- वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या, माडाला तीन-चार, वर बारीक वाळू. दर ४५ दिवसांनी.
- किंवा निंबोळी पेंड २५० ग्रॅम तेवढ्याच वाळूत मिसळून आतल्या बेचक्यांत, वर्षातून तीनदा: एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर, डिसेंबर-जानेवारी.
- हिरवी झावळी खोडालगत तोडू नका, दोन-अडीच हात देठ ठेवा.
- खोडावरच्या जखमा डांबर किंवा बोर्डो पेस्टने बुजवा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लीटर).
- सोंड्या आत असल्याची खात्री झाली तरच इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे कीटकनाशक, लीटर पाण्याला १ मिली. खालची भोकं चिखलाने बंद करा, सर्वांत वरच्या भोकातून ओता. तयार नारळ आधी उतरवा.
- गायरी दर दोन महिन्यांनी उलथा, अळ्या वेचा. अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिळाली तर गायरीत आणि न निघालेल्या खोडांत घाला. ती ओलीत आणि सावलीतच जगते.

माझे आजोबा बेचक्यात राख आणि जाडं मीठ घालायचे. हा घरचा उपाय. मी डांबरगोळी संपली की तेच करतो, आणि माझ्या माडांना फरक वाटतो. तुम्ही एका माडावर करून बघा, सगळ्यांवर नको.

वासाने भुंगे ओढणाऱ्या कामगंध सापळ्याबद्दल एकच. तो वाडीच्या कडेला लावा, मध्ये लावलात तर बाहेरचे भुंगे आत बोलवाल. आणि खोडं तशीच ठेवून सापळा लावू नका, पैसे जातील.

बाकीची कामं:
- पोफळ: सावली गेली असेल तर नैर्ऋत्येच्या अंगाला खोड भाजून चिरतं. विरी (पोफळीच्या पानाचा रुंद देठ) किंवा झावळीचा झाप बांधा, नाहीतर चुना फासा. मोकळ्या जागेत लगेच केळ लावा. कोळेरोगासाठी (सुपारी सडून गळते तो) पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा, तांबूस झाली तर चुना वाढवा.
- जायफळ: झापांची तात्पुरती सावली, बुंध्याशी पालापाचोळा.
- आंबा, काजू: फाटलेली फांदी करवतीने साफ कापा, बोर्डो पेस्ट लावा. खोडकिडा याच जखमेतून शिरतो.
- खारे तुषार: पाऊस नसेल तर दुसऱ्याच दिवशी रोपांवर गोडं पाणी मारा.
- विहीर: उधाणाचं पाणी गेलं असेल तर उपसा थोडा-थोडा. किनाऱ्यालगत एकदम तळ गाठलात तर खालून खारं पाणी चढतं.
- खारभूमीचं शेत: बांधाला खांड पडली असेल तर पुढच्या उधाणाआधी भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत बुजवा, उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार साफ करा. जिप्सम विकत घेऊ नका. आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस मीठ धुऊन नेतो, फक्त पाण्याला बाहेर जायला वाट हवी. पेरणीला पनवेल खारभूमी केंद्राचे पनवेल १, २, ३ हे भाताचे वाण.
- कुंपण: समुद्राच्या अंगाला उंडी आणि केवडा असलेल्या वाड्या मला सुरूच्या झाडांच्या आडोशाला असलेल्यांपेक्षा कमी मोडलेल्या दिसल्या. हा माझा अंदाज आहे. रोपं याच पावसात लावा.

येत्या पावसाच्या पहिल्या चार-पाच रात्री वाडीच्या कडेला एक दिवा लावा, खाली घमेल्यात पाणी आणि थोडं रॉकेल. रोज सकाळी भुंगे मोजा. दोन-तीनच आले तर ते बाहेरचे असतील. घमेलं काळं झालं तर वेल, गवत बाजूला करून पुन्हा एकदा सगळी वाडी फिरा, एखादं खोड राहिलंय.