'१०२४.० केबी' : साइझ दाखवणाऱ्या कोडचा फिक्स रिव्ह्यू करताना या चुका टाळा

फाइल १०,४८,५७५ बाइटची, म्हणजे एक एमबीला एकच बाइट कमी. स्क्रीनवर '१.० एमबी'ऐवजी दिसतं '१०२४.० केबी'. बग नोंदवला जातो, कोणीतरी चार ओळींचा फिक्स पाठवतो, टेस्ट हिरव्या, आपण अप्रूव्ह करून मोकळे. मीही एकदा असाच मोकळा झालो होतो. आठवड्याभरात तोच बग जीबीच्या उंबरठ्यावर हजर! फिक्समध्ये फक्त केबीपुरती एक 'इफ'ची अट होती.

घोळ क्रमाचा आहे. १०२३.९९९ हे १०२४ पेक्षा कमी, म्हणून कोडने एकक केबी ठरवलं आणि राउंडिंग नंतर केलं. तेव्हा आधी राउंड करून आकडा १०२४ ला पोचतो का हे प्रत्येक एककाला तपासलं जातंय ना, ते बघा. एकक वाढवत नेणारा लूप शेवटच्या एककापाशी थांबतो का, हेही.

टेस्टमध्ये नुसता १०,४८,५७५ असेल तर परत पाठवा. एका दशांश स्थळासाठी खरी सीमा त्याच्या बरीच अलीकडे आहे: १०,४८,५२४ ला १०२३.९ केबी, १०,४८,५२५ ला १.० एमबी. ही जोडी मागाच.

सगळ्यात फसवा फिक्स म्हणजे राउंड केलेला आकडाच पुढे भागणारा. १३,१०,६८० बाइट घ्या. केबीत १२७९.९६, राउंड करून १२८०.०, त्याला १०२४ ने भागलं की १.२५, आणि जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड (ठरावीक दशांश स्थळांपर्यंत आकडा देणारं फंक्शन) दाखवतं १.३ एमबी. खरं उत्तर १.२. राउंडिंग फक्त तुलनेपुरतं. भागाकार मूळ बाइट्सचाच हवा.

बॅकएंड, म्हणजे सर्व्हरकडचा कोड, पायथनमध्ये असेल तर आणखी एक गंमत. १२८० बाइट म्हणजे नेमके १.२५ केबी. टूफिक्स्ड १.३ देतं, पायथनचं फॉरमॅटिंग १.२, कारण ते बरोबर मधल्या आकड्याला सम अंकाकडे नेतं. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर, पण एकाच फाइलचे दोन आकडे दिसले की ग्राहक आपल्यालाच विचारणार.

लॉगरिदमने एकक काढलं असेल तर शून्य बाइटची फाइल देऊन बघा. जावास्क्रिप्टमध्ये बरेचदा 'नॅन अनडिफाइन्ड' येतं, म्हणजे धड आकडाही नाही आणि एककही नाही.

आणि अपेक्षित उत्तरं लिनक्सच्या 'एलएस -एलएच' या फाइलींची यादी साइझसकट दाखवणाऱ्या कमांडवरून उतरवू नका. ते वरच्या बाजूला राउंड करतं. १०२५ बाइटला १.१ के म्हणतं.