मागचं सस्पेन्शन नवं केलं, तरी गाडी ताब्यात का वाटत नाही?

बुश (सांध्यांतली रबरं) नवे, शॉकअप नवे, स्प्रिंगा नव्या, आणि गाडी चालते मात्र आधीपेक्षा वाईट. अशी गाडी माझ्याकडे आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "स्टिअरिंगमध्ये काहीतरी आहे बघा." बहुतेक वेळा स्टिअरिंगमध्ये काही नसतं. मागची चाकं अर्धा अंश जरी भलतीकडे बघत असली तरी गाडी वळवतात. ते जाणवतं मात्र हातांना, म्हणून संशय पुढच्या भागावर जातो. टाय-रॉड (पुढची चाकं वळवणारी दांडी) बदलायला निघाला असाल तर थांबा. काम मागे झालंय, शोधही मागेच घ्या.

आधी फुकटातलं उरकून टाका. चारही टायरमधली हवा, चाकांचे नट, टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण. काम करताना चाकं उतरवली की परत बसवताना पुष्कळदा जागा बदलतात. मग टायरमुळे गाडी एका बाजूला ओढते आणि शिव्या नव्या बुशना बसतात.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी चालवा आणि ती बिघडते नेमकी केव्हा, एवढंच बघा. गाडी सरळ जातेय पण स्टिअरिंग वाकडं धरावं लागतंय, तर मागची दोन्ही चाकं मिळून एका बाजूला बघताहेत. लेन बदलताना पुढचा भाग गेला आणि शेपूट उशिरा, वेगळ्याच झटक्यात आली, तर टो-आउट (चाकाची पुढची कड बाहेर वळलेली) किंवा सैल बोल्ट. अॅक्सिलरेटर सोडला की दिशा बदलते, परत दाबला की उलटी बदलते, तर ट्रेलिंग आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा त्यांचे बोल्ट. वळणात गाडी आधी नीट झुकते आणि मग मागून एकदम सुटू पाहते, तर बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की टेकणारा रबरी ठोकळा) लवकर टेकतोय. फक्त ब्रेक मारल्यावर मागचा भाग अस्वस्थ होत असेल, तर सस्पेन्शन सोडा आणि हॅन्डब्रेकची केबल कुठे ताणली गेलीय का ते पाहा. काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडीची उंची कमी झाली की त्याची दांडी चुकीच्या जागी येते आणि मागची चाकं लवकर लॉक होतात. हे कुणी बघतच नाही.

आता मुख्य दोषी. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली, आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं. आर्म वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळलं जातं, आणि सुटलं की मूळ जागी येतं. मूळ जागा कोणती? तुम्ही बोल्ट आवळलात तेव्हा आर्म होता ती. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत, आणि आपण ऐटीत टॉर्क रेंचचा 'टक' ऐकत बसलो, तर गाडी खाली आल्याबरोबर प्रत्येक बुश धुण्याच्या पिळ्यासारखा पिळलेला असतो. त्याची एक जास्तीची स्प्रिंग होते. मागचा भाग उंच राहतो, खड्ड्यावर कडक उसळतो, आणि एक बाजू लोंबकळत व दुसरी जॅकवर आवळली असेल तर डावं वळण वेगळं आणि उजवं वेगळं लागतं. वर ते रबर लवकर फाटतं ते निराळंच.

तपासायला सोपं आहे. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते. मग गाडी रॅम्पवर, स्वतःच्या चाकांवर उभी ठेवा, पुढच्या चाकांना अडण्या लावा, आर्मचे बोल्ट सैल करा आणि पुन्हा मोजा. उंची बदलली तर चोर सापडला. गाडी मागून वरखाली दाबून बसू द्या आणि त्याच स्थितीत कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. रॅम्प नसेल तर बॉडी स्टँडवर ठेवून हबजवळ आर्मखाली जॅक लावा आणि योग्य उंचीचं अंतर येईपर्यंत उचला, पण बॉडी स्टँडवरून सुटत नाही ना यावर डोळा ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. पॉलियुरेथेनचे बुश बहुधा नळीवर फिरतात, त्यांना हा नियम तितका लागू नाही. ते कोरडे राहिले की अडकतात आणि करकरतात.

बुशवर बाण किंवा खूण असेल, रबरात पोकळ्या असतील, तर त्यांची दिशा मॅन्युअलशी ताडून पाहा. त्या पोकळ्या आर्मला कुठल्या दिशेने मऊपणा द्यायचा हे ठरवतात. बुश फिरवून ठोकला तर गाडी नव्या बुशवरही डुलते.

यानंतर सुतळी. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर सुतळी ताणा. पुढच्या दोन्ही हबपासून अंतर सारखं, मागच्या दोन्ही हबपासूनही सारखं, आणि दोन सुतळ्यांमधलं अंतर पुढे-मागे एकच. आता मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत मोजा. पुढची कड सुतळीपासून जास्त लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. ४०० मिलिमीटरच्या रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१४ अंश. रिम वाकडी असण्याची शंका काढायला गाडी अर्धं चाक पुढे ढकलून परत मोजा.

एका गाडीचा अलाइनमेंट रिपोर्ट मालकाने अभिमानाने दाखवला होता: मागचा एकूण टो शून्य. सुतळी लावली तर डाव्या चाकाला २ मिलिमीटर टो-इन, उजव्याला तेवढाच टो-आउट. बेरीज शून्य, पण दोन्ही चाकं उजवीकडे बघत होती आणि मालक स्टिअरिंग उजवीकडे धरून सरळ जात होता. उजव्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टची (फिरवून टो बदलायच्या बोल्टची) चकती आपल्या खाचेतून निसटून कडेवर चढली होती. एवढंच.

सरळ अॅक्सलच्या (मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडलेल्या) गाडीत दोन्ही बाजूंनी मडगार्डवरून ओळंबा सोडून रिमपर्यंत मोजा. पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला बॉडीशी आडवं बांधणारी दांडी) असेल तर गाडीची उंची बदलल्यावर अॅक्सल एका बाजूला सरकतो. डावा-उजवा व्हीलबेसही ताडून घ्या, पण आधी मॅन्युअल बघा: १९६१ मध्ये आलेल्या रेनॉ ४ या गाडीचे दोन बाजूंचे व्हीलबेस मुळातच जवळपास ५ सेंटिमीटरने वेगळे आहेत, कारण मागचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) एकामागे एक आहेत.

स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या पायरीला टेकलंय ना, हे टॉर्च लावून बघा. अँटी-रोल बारची (वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांडीची) एक लिंक काढा. चारही चाकं जमिनीवर असताना ती हाताने परत जागी बसली पाहिजे. टॉमी (लोखंडी पहार) लावावी लागली तर बार ताणात आहे.

हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंटला जा. आधी मागचा टो, प्रत्येक चाकाचा स्वतंत्र, मग थ्रस्ट अँगल (मागची चाकं मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा कोन) शून्याच्या जवळ, आणि शेवटी पुढची चाकं. ईएससी (गाडी घसरू नये म्हणून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य नव्याने सेट करून घ्या. इतके दिवस वाकडं धरलेलं स्टिअरिंग गाडीने सरळ म्हणून शिकून घेतलेलं असू शकतं.