एकाच क्लबच्या शहरात रग्बी लीगचा दुसरा संघ कसा उभारावा

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रग्बी लीगचा दुसरा व्यावसायिक संघ दोनदा उभारला गेला. १९९५ मध्ये साउथ क्वीन्सलँड क्रशर्स आले आणि तीन मोसमांत कर्जात बुडून बंद पडले. २०२३ मध्ये डॉल्फिन्स आले आणि टिकले. दोन्ही वेळी शहर तेच होतं आणि समोरचा जुना, बलाढ्य संघही ब्रॉन्कोसच होता. ज्यांना आपल्या शहरासाठी असा प्रस्ताव मांडायचा आहे त्यांनी ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून अभ्यासावीत.

मराठी वाचकांसाठी आधी एक खुलासा. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी रुजली ती युनियन. लीग हा वेगळा खेळ आहे : एका बाजूला तेरा खेळाडू आणि सहा टॅकल (चेंडूवाल्याला धरून थांबवणं) झाले की चेंडू समोरच्या संघाकडे. त्याची ऑस्ट्रेलियातली सर्वोच्च स्पर्धा म्हणजे एनआरएल.

आधी नकाशा, मग प्रस्ताव

बहुतेक प्रस्ताव लोकसंख्येपासून सुरू होतात : शहर पंचवीस लाखांचं, संघ एकच, म्हणजे अर्धं शहर रिकामं. हा हिशेब चुकीचा आहे. जिथे एकच संघ असतो तिथे खेळावर प्रेम करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या संघाचा असतो. रिकामी जागा शोधायची ती त्या प्रेमाच्या कडेला : जुन्या संघाचा सामना बघायला जाणं ज्यांना अवघड पडतं, ज्यांच्या मुलांना त्याच्या अकादमीत वाट सापडत नाही, आणि ज्यांच्या घरात त्याच्याही आधीच्या एखाद्या क्लबची निष्ठा आहे.

ब्रिस्बेनमध्ये ही तिसरी गोष्ट फार खोल होती. ब्रॉन्कोस १९८८ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत उतरले. त्याआधी शहराची स्वतःची लीग होती. व्हॅलीज, नॉर्थ्स, साउथ्स, ईस्ट्स, विनम-मॅनली, रेडक्लिफ असे उपनगरांचे क्लब होते. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्या सामन्याला जी धग असे, तीच तिथे दर आठवड्याला होती. ब्रॉन्कोस आल्यावर या क्लबांचं महत्त्व ओसरलं, पण आजोबांचा क्लब कोणता हे घरोघरी माहीत राहिलं. एनआरएलमध्ये खेळण्याचा डॉल्फिन्सचा परवाना गेला तो यांतल्याच एका क्लबाला, १९४७ साली स्थापन झालेल्या रेडक्लिफला. नावाजलेला फॉरवर्ड आर्थर बीटसन १९६५ मध्ये याच क्लबकडून विजेतेपद जिंकला होता. क्रशर्स मात्र कोऱ्या पाटीवर काढलेला संघ होता. त्याला रंग होते, मैदान होतं, पण आजोबा नव्हते.

तेव्हा पहिलं काम टेबलावर बसून करायचं. शहराच्या नकाशावर तीन थर चढवा. पहिला थर, पिनकोडनुसार नोंदलेले ज्युनियर खेळाडू, सहा ते अठरा वर्षं, वयोगट वेगळे. तेरा-चौदाच्या वयात संख्या कुठे एकदम घसरते ते खास बघा, कारण पुढची वाट दिसत नसली की मुलं तिथेच खेळ सोडतात. दुसरा थर, शुक्रवारी रात्री आठच्या सामन्यासाठी घरून मोठ्या मैदानापर्यंत लागणारा वेळ, आणि परतीची शेवटची गाडी. तिसरा थर, आजही चालू असलेले जुने क्लब आणि त्यांच्या मालकीच्या जागा. तिन्ही थर जिथे एकमेकांवर गडद होतात तो तुमचा पट्टा. ब्रिस्बेनमध्ये असे दोन होते : उत्तरेला मोर्टन बेच्या बाजूने आणि पश्चिमेला इप्सविचकडे. २०२१ मध्ये परवान्यासाठी तीन दावेदार होते. रेडक्लिफ डॉल्फिन्सकडे उत्तर होती, ब्रिस्बेन जेट्सकडे पश्चिम, आणि ईस्ट्स टायगर्सच्या पाठिंब्याने उभे असलेले फायरहॉक्स शहरातच.

पैसा कुठून, आणि वाईट वर्षी कोण भरणार

परवान्याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. एनआरएलमध्ये खेळाडूंच्या पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, २०२३ मध्ये सुमारे एक कोटी एकवीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती. मुख्य पथक तीस जणांचं. एवढा भार लीगकडून येणाऱ्या अनुदानातून उचलता येतो, म्हणून नवे लोक निर्धास्त होतात. बुडवतो तो बाकीचा खर्च : प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ, अकादमी, तिकीट विभाग, मैदानाचं भाडं, आणि सराव केंद्राचं बांधकाम.

रेडक्लिफकडे स्वतःचा लीग्ज क्लब (खाणंपिणं आणि करमणुकीची जागा, जिच्या कमाईवर संघ चालतो) होता, मैदान होतं, व्यापारी मालमत्ता होती. परवाना मिळण्याआधीच तो क्लब खात्यापित्या घरचा होता आणि मालकी सभासदांची होती. ब्रॉन्कोस ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिचा मोठा हिस्सा न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीकडे. कुठलीही रचना चालेल, पण लागोपाठ तीन वाईट मोसम आले तर तूट कोण भरणार हे कागदावर, नावानिशी आणि बँकहमीसह असलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात लीग्ज क्लबांचं बरंचसं उत्पन्न जुगाराच्या यंत्रांतून येतं. ते उत्पन्न राज्य सरकारच्या एका नियमाने आटू शकतं, म्हणून भाडं देणारी मालमत्ता त्याहून भरवशाची, असं आमचं मत आहे.

सामन्याचा हिशेब प्रत्येक मैदानासाठी वेगळा मांडा. समजा मोठं मैदान एका रात्री उघडायला भाडं, सुरक्षा, सफाई, दिवे असा तीन लाख डॉलर ठरीव खर्च येतो, आणि एका प्रेक्षकामागे सवलती वजा जाता वीस डॉलर हाती राहतात. तर पंधरा हजार प्रेक्षकांपर्यंत तुम्ही फक्त दिवे लावत असता. हा आकडा प्रत्येक मैदानासाठी काढला की कुठला सामना कुठे ठेवायचा हे आपोआप ठरतं.

मैदान

ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियममध्ये बावन्न हजारांहून थोडे जास्त लोक मावतात. ते ब्रॉन्कोसचं घर आहे, रग्बी युनियनच्या रेड्स संघाचंही, आणि तिथे संगीताचे मोठे कार्यक्रमही होतात. डॉल्फिन्सने तेच मुख्य मैदान घेतलं आणि रेडक्लिफच्या लहान मैदानावर मोजके सामने ठेवले. ही विभागणी बरोबर आहे. फक्त लहान मैदानावर राहिलात तर दाराचं उत्पन्न पुरत नाही. फक्त मोठ्यावर राहिलात तर पंधरा हजार लोक पन्नास हजार खुर्च्यांत विखुरतात आणि टीव्हीवर संघ पोरका दिसतो.

एकाच मैदानावर दोन संघ असले की अडचणी अशा येतात. वेळापत्रकात दोघांचे घरचे सामने एकाच रात्री येऊ शकत नाहीत, त्यामुळे नव्या संघाच्या वाट्याला गैरसोयीच्या वेळा येतात. घरच्या सामन्यांपैकी किमान किती शनिवार-रविवारचे असतील, ते परवान्याच्या करारातच लिहून घ्या. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, गवत हळू वाढतं आणि आठवड्यात तीन सामने झाले की स्क्रमच्या (दोन्ही संघांचे खेळाडू गुंतून रेटतात त्या) जागा उखडतात. दुरुस्तीसाठी कोणती तारीख मोकळी राहील हे दोन्ही क्लब आणि मैदानचालक यांनी मोसमाआधी ठरवावं. शिवाय अधूनमधून पाहुणा येऊन घर व्यापतो. २०२३ मध्ये महिला फुटबॉल विश्वचषकासाठी हे मैदान गेलं आणि जुलैत लीगचे सामने गॅबाच्या क्रिकेट मैदानावर न्यावे लागले. पर्यायी मैदानाचा करार आधीच करून ठेवा.

तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास मोफत असेल तर लांबच्या पट्ट्यातली कुटुंबं येतात. ब्रिस्बेनमध्ये ही सोय सनकॉर्पला होतीच. उत्तरेकडच्या लोकांना २०१६ मध्ये किप्पा-रिंगपर्यंत रेल्वेही मिळाली होती.

नाव

तीन वाटा आहेत. शहराचं नाव घेतलं तर ते मनोमन जुन्या संघाचं असतं. उपनगराचं नाव घेतलं तर दहा मैलांवरचा माणूस म्हणतो, आमचा काय संबंध. रेडक्लिफने तिसरी वाट घेतली : स्थळाचं नावच गाळलं आणि संघ नुसता ‘डॉल्फिन्स’ झाला. त्यावर पुष्कळ टीका झाली. तरीही हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. रेडक्लिफ हे नाव राज्यस्तरीय क्वीन्सलँड कपमध्ये चालू राहिलं, त्यामुळे मूळ लोक दुखावले नाहीत, आणि सनशाइन कोस्टपासून मध्य क्वीन्सलँडपर्यंतच्या माणसाला जर्सी घालायला अडसर उरला नाही. रंगांत मात्र तडजोड नको. ब्रॉन्कोस मरून-सोनेरी, डॉल्फिन्स लाल-पांढरे. स्टँडमधल्या शेवटच्या रांगेतून फरक दिसला पाहिजे.

परवाना ते पहिला सामना

सगळ्यात जास्त चुका या काळात होतात, म्हणून तारखा नीट बघा. डॉल्फिन्सची घोषणा १३ ऑक्टोबर २०२१ ला झाली. पहिला सामना ५ मार्च २०२३ ला होता. मध्ये सतरा महिनेही नव्हते. एनआरएलच्या नियमाप्रमाणे ज्या खेळाडूचा करार पुढच्या मोसमाअखेर संपतो त्याच्याशी १ नोव्हेंबरपासून बोलता येतं. म्हणजे घोषणेनंतर तीन आठवड्यांत बाजार उघडला, आणि तोपर्यंत क्लबमध्ये प्रशिक्षकही जाहीर झालेला नव्हता. जमलं तर घोषणा जूनमध्ये करून घ्या. जमत नसेल तर मुख्य कार्यकारी, प्रशिक्षक आणि खेळाडूभरतीचा प्रमुख या तिघांशी ‘परवाना मिळाल्यास’ या अटीवर आधीच बोलणी पूर्ण करा.

प्रशिक्षक असा हवा की ज्याचा फोन खेळाडू उचलतो. डॉल्फिन्सने वेन बेनेट यांना आणलं. ब्रॉन्कोसचे १९८८ मधले पहिले प्रशिक्षकही तेच. त्यांचा करार सुरुवातीपासून मर्यादित होता आणि हाताखाली क्रिस्टियन वूल्फ तयार होत होते. २०२५ मध्ये वूल्फ यांनी सूत्रं घेतली. पहिल्या दिवशीच वारस ठरलेला असणं नव्या क्लबसाठी मोलाचं आहे.

मोठा तारा मिळेल यावर सगळी योजना बांधू नका. कॅलिन पोंगा न्यूकॅसलमध्ये राहिले, कॅमरन मन्स्टर मेलबर्नमध्ये राहिले. नव्या क्लबची चौकशी हा अशा खेळाडूंसाठी जुन्या क्लबकडून चांगला करार मिळवायचा उत्तम मार्ग असतो. आपण महिने घालवतो आणि तोवर दुसऱ्या फळीचे चांगले खेळाडू करार करून मोकळे होतात. प्रत्येक ताऱ्यासाठी उत्तराची तारीख ठेवा आणि ती उलटली की पुढे सरका. उरलेले पैसे घाबरून मध्यम खेळाडूंवर चार-चार वर्षांसाठी ओतणं ही याहून मोठी चूक. कॅप तुंबते आणि तिसऱ्या वर्षी खरोखर चांगला माणूस मोकळा होतो तेव्हा हात रिकामे असतात. तीस करारांपैकी साधारण दहा एका वर्षाचे, बारा दोन वर्षांचे आणि आठ तीन किंवा जास्त वर्षांचे ठेवावेत, म्हणजे एकाच वर्षी सगळे मोकळे होत नाहीत.

डॉल्फिन्सने मेलबर्नमधून फेलिसे काउफुसी आणि जेसी व केनी ब्रॉमविच हे अनुभवी फॉरवर्ड (पुढच्या फळीतले दणकट खेळाडू) आणले. ते का, ते लक्षात घ्या : नव्या क्लबात सवयीच नसतात, आणि व्यायामशाळेत किती वाजता यायचं, पराभवानंतर सोमवारी कसं वागायचं, हे तीन जिंकलेली माणसं न सांगता शिकवतात. दुसरीकडे जेमेन इसाको ब्रॉन्कोस आणि टायटन्स या दोन्ही क्लबांतून बाहेर पडलेला विंगर (मैदानाच्या कडेचा वेगवान खेळाडू) होता. २०२३ मध्ये संपूर्ण स्पर्धेत सर्वाधिक ट्राय (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) आणि सर्वाधिक गुण त्याचेच झाले. भरतीची खरी परीक्षा अशा निवडींत असते.

पहिला सामना डॉल्फिन्सने सिडनीच्या रूस्टर्सविरुद्ध २८-१८ ने जिंकला, पुढचे दोनही जिंकले. तरी मोसमाअखेर ते तेराव्या स्थानावर होते. फॉरवर्ड टॉम गिल्बर्टचा खांदा स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये (क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स या मालिकेत) निखळला, वय झालेल्या फॉरवर्ड्सना हिवाळा जड गेला आणि सामन्याच्या सतरा जणांबाहेरची, म्हणजे अठराव्या ते तिसाव्या खेळाडूंची फळी पातळ होती. नव्या क्लबचा राखीव संघ परवान्याबरोबर येत नाही. तो आधीपासून राज्यस्तरावर खेळत असावा लागतो. रेडक्लिफ आणि सेंट्रल क्वीन्सलँड कॅप्रास या राज्यस्तरीय संघांमुळे डॉल्फिन्सकडे निदान जागा तरी होती.

जुन्या संघाशी संबंध

अकादमीचे पट्टे लेखी वाटून घ्या, नाहीतर चौदा वर्षांच्या मुलांच्या दारात दोन क्लबांचे लोक उभे राहतात. डर्बीबद्दल, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या लढतीबद्दल, मात्र उदार असा. २४ मार्च २०२३ च्या पहिल्या लढतीला सनकॉर्पमध्ये ५१ हजारांवर लोक आले. ब्रॉन्कोसने १८-१२ ने ती जिंकली, आणि दोन्ही क्लबांचा फायदा झाला. वर्षातून अशा दोन लढती असाव्यात, एक प्रत्येकाच्या घरची, आणि पहिली मोसमाच्या सुरुवातीच्या पाच आठवड्यांत.

क्रशर्सना हे सुख फार लाभलं नाही. पहिल्या वर्षी प्रेक्षक बरे आले होते. पण त्यांच्या पहिल्याच मोसमात, एप्रिल १९९५ मध्ये, सुपर लीगचं, म्हणजे न्यूज कॉर्पच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या बंडखोर स्पर्धेचं, युद्ध पेटलं. ब्रॉन्कोस बंडाच्या बाजूला, क्रशर्स जुन्या संघटनेबरोबर. खेळाडूंचे भाव रातोरात चढले, १९९६ आणि १९९७ मध्ये संघ तळाला राहिला, आणि १९९७ मध्ये दोन स्पर्धा वेगळ्या झाल्याने ब्रिस्बेनच्या दोन संघांची गाठच पडली नाही. तेव्हा अर्ज करण्याआधी लीगचा प्रसारण करार किती वर्षांचा उरला आहे आणि क्लबांमध्ये फूट आहे का, हे तपासा. करार संपत आला असेल तर नवा होईपर्यंत थांबा.

आपल्या संघाची तब्येत सरासरी प्रेक्षकसंख्येवरून मोजायची असेल तर डर्बी आणि पहिल्या सामन्याचे आकडे आधी वगळा. उरलेल्यांतले पराभवानंतरच्या आठवड्याचे सामने वेगळे काढा. दुसऱ्या वर्षी हा आकडा पहिल्या वर्षापेक्षा खाली गेला नसेल तर सराव केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे खर्चायला हरकत नाही. गेला असेल तर बांधकाम थांबवा आणि ते पैसे ज्युनियर क्लबांच्या प्रशिक्षकांवर लावा.