डाळ शिजेना, गिझर तापेना

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून त्याच हौदात बोअरचंही सोडायचो. इथेच घोळ होता. तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही टचटचीत. आई म्हणायची, "डाळच जुनी आणलास!"

मग गिझर तापेना. मेकॅनिकनं कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर. नखानं टोकरला तर खपलीच निघाली. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून कॉइलचं टोक (वायरिंगची बाजू कोरडी ठेवून) रात्रभर बुडवलं. बुडबुडे आले, सकाळी थर निघाला.

मध्ये एक आरओ फिल्टर विकणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजून घाबरवून गेला. पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे; त्यात मीठही मोजलं जातं. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, डाळ शिजू न देणारे आणि कॉइलवर थर धरणारे. मी दोन बाटल्यांत दोन्ही पाणी घेऊन साध्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि हलवलं. नळाच्या पाण्याला फेस, बोअरच्या पाण्यात दह्यासारखा चोथा. मग लॅबमध्ये दिलं: बोअरचा जडपणा ५४० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं.

सॉफ्टनर (जडपणा काढणारं यंत्र) घेतला नाही. प्लंबरकडून गच्चीवर दुसरी टाकी बसवली. बोअर आता संडास आणि फरशीला. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी स्वयंपाकघर आणि गिझरला. पिण्याचं उकळूनच घेतो.

डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. आई अजून दुकानदारालाच श्रेय देते.