हायकूची बैठक फसते कुठे? या चुका टाळा

सांगलीत कृष्णेच्या घाटावर पंधरा जणांनी मिळून हायकू, म्हणजे जपानी वळणाच्या तीन ओळींच्या छोट्या कविता, लिहायच्या, तर दीड तास पुरतो. तरीही बैठक अर्ध्यात ढेपाळते, कारण बघायला वेळच ठेवलेला नसतो. आल्या आल्या वही उघडली की माणूस घरून डोक्यात आणलेलंच उतरवतो. मग कागदोकागदी मन, वेदना, अश्रू. नदी शेजारून वाहत असते आणि कुणाच्याच ओळीत नसते.

म्हणून पहिली २० मिनिटं नुसतं फिरायचं. जपानीत या फेरीला गिन्को म्हणतात. फोन बंद, गप्पा बंद. वहीत फक्त दिसलेल्या, ऐकलेल्या वस्तू टिपा: होडीची दोरी, शेवाळ, पिळलेलं लुगडं. विशेषणं नकोत. ‘सुंदर’ लिहिलं की पुढचं बघणं थांबतं. नंतरच्या २५ मिनिटांत प्रत्येकी दोनच हायकू. थंडीत संध्याकाळी साडेपाचला बसू नका, लिहिता लिहिता अंधार पडतो. सकाळ बरी.

अक्षरांवरून वाद हमखास होतो. तीन ओळींत ५-७-५ हे माप जपानी ध्वनिमात्रांचं आहे. तिथे दीर्घ स्वराच्या दोन मात्रा धरतात. मराठीत ‘घाट’ लिहिताना दोन अक्षरं, उच्चारात एकच ठोका. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तोही १७ अक्षरांच्या हट्टाविना. तेव्हा सुरुवातीलाच ठरवून टाका: तीन ओळी, मोजायचंच तर लिहिलेली अक्षरं, जोडाक्षर एक. माप भरण्यासाठी ‘ती’, ‘हा’, ‘गं’ कोंबलेलं दिसलं तर ते काढा आणि ओळ आखूड राहू द्या.

याहून मोठी चूक म्हणजे तिसऱ्या ओळीत अर्थ सांगणं. ‘पायऱ्या ओल्या, पावलं उमटली, जीवन क्षणभंगुर’ यातली शेवटची ओळ वाचकाचं काम हिसकावून घेते. ती खोडा आणि त्या जागी समोरची दुसरी वस्तू आणा:

तापला घाट
पायऱ्यांवर ओल्या
पाउलखुणा

ऊन आहे, म्हणजे खुणा आत्ता वाळणार; ते वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या ओळीनंतरचा थांबा महत्त्वाचा. दोन चित्रं तिथे एकमेकांना भिडतात.

हायकूत ऋतूची खूण असते; ती दाखवायला जपानी चेरीचा बहर उसना आणू नका. आपल्याकडे उसाला आलेला तुरा आहे, शिजत्या हळदीचा वास आहे, भिंतीवरची २०१९ च्या पुराची रेघ आहे. फेरीआधी असे दहा-बारा शब्द सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहा.

वाचनाच्या वेळी नावं पुकारली की दाद माणसाला मिळते, हायकूला नाही. नवखे तर तोंडच उघडत नाहीत. यावर कुकाईची, म्हणजे हायकूच्या जपानी बैठकीची, रीत करून बघा. निनावी ३० चिठ्ठ्या मिसळा, प्रत्येकाला दोन वाटा, त्या कोऱ्या कागदावर स्वच्छ उतरवायच्या, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. स्वतःची चिठ्ठी आली तरी गप्प उतरवायची. पाच मिनिटं. मग कागद फिरवा, प्रत्येकी मिनिटभर. आवडलेले तीन निवडा, स्वतःचा सोडून. उरलेल्या २५ मिनिटांत का निवडला ते बोला, आणि त्यानंतरच कवीनं हात वर करायचा. पंधराहून जास्त जण असतील तर दोन गट करा, नाहीतर कागद फिरण्यातच चर्चेचा वेळ जातो.