मेक्सिकन आईचा डबा आणि माझी स्पॅनिश

वाचायला जमतं, लिहायला जमतं, पण समोरचा बोलायला लागला की काही कळत नाही. ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत स्पॅनिश शिकलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते, माझीही होती. कारण साधं आहे. 'तू काय करणार आहेस?' हे वहीत 'के बास आ आसेर' असे चार सुटे शब्द दिसतात, पण बोलताना त्यांचं एकदम 'केबासासेर' होतं. कानाला हे जोडलेलं बोलणं ओळखायला शिकवलं ते अर्ध्या-एक मिनिटाच्या विनोदी व्हिडिओंनी.

विनोदीच का? कारण त्यांत घरातलं बोलणं असतं, आणि चेहरा नि आवाजावरून निम्मा अर्थ आधीच कळतो. मेक्सिकन व्हिडिओंमधली आई तर आपल्याला लगेच ओळखीची वाटते. हातात चप्पल, आणि सगळा जीव टपरवेअरच्या डब्यात! ती विचारते, 'इ मी तोपेर?' म्हणजे, 'आणि माझा डबा?' मुलगी चाचरत म्हणते, 'एस के... से लो प्रेस्ते आ मी आमीगा.' 'अगं, ते... मैत्रिणीला दिलाय.' या एका वाक्यात दोन मोठे धडे आहेत. सबब सांगायची तर सुरुवात 'एस के'ने होते. आणि 'तिला तो' म्हणताना 'ले लो' न होता 'से लो' होतं, हा वर्गात भल्याभल्यांना छळणारा नियम. मला तो तक्त्यावरून कधीच पाठ झाला नाही. त्या मुलीच्या रडवेल्या आवाजात पक्का बसला.

माझी पद्धत अशी. एकच व्हिडिओ घ्यायचा आणि तो पुरता पिळून काढायचा. आधी सबटायटलशिवाय, मग स्पॅनिश सबटायटल लावून. इंग्रजी सबटायटल लावू नका, डोळे तिकडेच जातात आणि कान बंद होतो. वेग ०.७५ केला तरी चालतो, पण शेवटी मूळ वेगावर यायचंच. आपोआप तयार होणारी सबटायटल बोलीभाषेत बऱ्याचदा चुकतात, म्हणून व्हिडिओ करणाऱ्यानेच ती टाकली असतील तर उत्तम. मग एकेक वाक्य थांबवून त्याच सुरात, त्याच नाटकीपणाने मोठ्यांदा म्हणायचं. वहीत सुटे शब्द नाही, पूर्ण वाक्यं लिहायची.

सुरुवातीला देश मात्र एकच धरा. आमचे क्लायंट मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहराचे, म्हणून मी मेक्सिको धरला. तिथे फोन उचलून 'बुएनो' म्हणतात, स्पेनमध्ये 'दीगा'. 'आलोच' या अर्थाचं मेक्सिकोतलं 'या बोय' ब्युनॉस आयर्समध्ये 'शा बोय' होतं. सगळं एकदम ऐकलं तर नवख्याचा गोंधळ उडतो.

आणखी एक सांभाळा. व्हिडिओत मित्र एकमेकांना सर्रास 'वेय' (आपलं 'यार') म्हणतात, म्हणून क्लायंटला म्हणायचं नसतं. 'तू' आणि 'उस्तेद'मधला फरक आपल्याला तू-तुम्हीमुळे समजावून सांगावा लागत नाही, त्याचा फायदा घ्या. मराठीचा आणखीही उपयोग होतो: त आणि द आपल्या तोंडी आयतेच आहेत, आणि 'मला आंबा आवडतो, आंबे आवडतात' हीच घडण 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस' मध्ये आहे. इंग्रजीतून विचार केला की नेमकं इथेच अडखळायला होतं.

व्हिडिओंनी भूतकाळाची रूपं किंवा निबंध येणार नाही. त्यासाठी वर्ग हवाच. पण इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेस या स्पॅनिश संस्थेची देले ही भाषापरीक्षा देणार असाल तर लक्षात घ्या, ए-१ ते बी-२ या पातळ्यांवर वाचन-लेखनाच्या गटात आणि ऐकणं-बोलण्याच्या गटात वेगवेगळे, ५० पैकी किमान ३० गुण लागतात. लेखनातले जास्तीचे गुण ऐकण्यातली तूट भरून काढत नाहीत. डब्यावरून चाललेलं भांडण सबटायटलशिवाय कळायला लागलं की 'ईझी स्पॅनिश' या यूट्यूब चॅनेलवरच्या, रस्त्यात घेतलेल्या मुलाखतींकडे वळा. तिथे माणसं पाठांतराशिवाय, अडखळत, मध्येच वाक्य सोडून देत बोलतात.