लिनक्स वेब सर्व्हरवरील कर्नलचे मेमरी-इशारे कसे थांबवावेत

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीविषयी इशारे देऊ लागला की अनेकजण लगेच रॅम वाढवतात. परंतु इशारा नेमका कोणता आहे हे न पाहता केलेला तो खर्च बहुधा वाया जातो. म्हणून आधी कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसेज' ही कमांड चालवून संदेश पूर्ण वाचावा.

'पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर' (मेमरीचे पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, मिळाला नाही) या ओळीत 'ऑर्डर ०' (एकच पान) आणि 'जीएफपी_अ‍ॅटॉमिक' (न थांबता लगेच हवे) असे शब्द असतील, तर अडचण बहुधा नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची असते. आलेले पॅकेट ठेवण्यासाठी त्याला त्याच क्षणी मोकळे पान हवे असते आणि पेज कॅशमधील (फाइलींच्या प्रतींसाठी वापरलेल्या मेमरीतील) जागा रिकामी होईपर्यंत त्याला थांबता येत नाही. त्यामुळे 'फ्री' कमांड भरपूर मेमरी उपलब्ध दाखवत असतानाही हा इशारा येऊ शकतो. क्वचित आलेला एखादा इशारा मनावर घेऊ नये, कारण हरवलेले पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतेच. इशारे वारंवार येत असतील, तर 'व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स'चे, म्हणजे कर्नलने कायम मोकळ्या ठेवायच्या मेमरीचे (केबीमध्ये), सध्याचे मूल्य पाहून ते टप्प्याटप्प्याने वाढवावे. १६ जीबीच्या यंत्रावर ते ६५,५३६ असल्यास १,३१,०७२, म्हणजे १२८ एमबी, करून पाहणे रास्त आहे. मात्र भरमसाट वाढवल्यास वापरायला मेमरीच उरत नाही आणि ओओएम किलर (मेमरी संपल्यावर चालू प्रक्रिया बंद पाडणारी कर्नलची यंत्रणा) प्रक्रिया मारू लागतो.

'टीसीपी: आउट ऑफ मेमरी' हा इशारा निराळा. सर्व टीसीपी जोडण्यांना मिळून वापरता येणाऱ्या मेमरीची मर्यादा 'टीसीपी_मेम'मध्ये असते आणि तिथले तिन्ही आकडे बाइट्समध्ये नसून पानांमध्ये असतात: ४ केबीच्या पानांच्या हिशेबाने २,६२,१४४ म्हणजे १ जीबी. शेजारच्या 'टीसीपी_आरमेम'चे (प्रत्येक जोडणीच्या येणाऱ्या डेटासाठीच्या मेमरीचे) आकडे बाइट्समध्ये असल्यामुळे इथे हमखास गफलत होते. '/प्रॉक/नेट/सॉकस्टॅट'मधील 'मेम'चा आकडा गर्दी ओसरल्यावरही खाली येत नसेल, तर मर्यादा वाढवण्याऐवजी सॉकेट (उघडलेल्या नेटवर्क जोडण्या) बंद न करणारा प्रोग्रॅम शोधावा.

ओओएम किलरने पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी पाने चालवणाऱ्या सेवेच्या) प्रक्रिया मारल्या असतील, तर कर्नलला हात लावू नये. ८ जीबीपैकी ३ जीबी डेटाबेस आणि इतर कामांसाठी राखल्यास उरलेल्या ५ जीबीत प्रत्येकी ८० एमबीच्या ६४ प्रक्रिया मावतात; त्यामुळे 'मॅक्स_चिल्ड्रन' (अशा प्रक्रियांची कमाल संख्या) ५० च्या आसपास ठेवावे. प्रक्रियेची मेमरी मोजताना पीएसएस (सामायिक मेमरी वाटून मोजणारा आकडा) धरावा, कारण आरएसएस या नेहमीच्या आकड्यामध्ये सामायिक मेमरी प्रत्येक प्रक्रियेच्या नावावर पुन्हा मोजली जाते.

कर्नलचे बदल '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी'मधील स्वतंत्र फाइलीत लिहावेत, अन्यथा रीबूटनंतर ते नाहीसे होतात. एका वेळी एकच बदल करावा आणि गर्दीची वेळ उलटेपर्यंत दुसऱ्याला हात घालू नये.